आषाढातील अंदमान

मराठी वाचकाला अंदमान हे नाव दोन कारणांनी परिचित आहे. एक म्हणजे काळे पाणी, अर्थात समुद्रापार भोगावयाची जन्मठेप. आणि दुसरे म्हणजे उन्हाने जीव नकोसा झालेला असताना मे महिन्यात वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर हमखास येणारी 'मान्सून अंदमानात दाखल' ही बातमी. ती वाचून मराठवाड्यातला किंवा पश्चिम महाराष्ट्राच्या कोरडवाहू पट्ट्यातला शेतकरी बोटांवर दिवस मोजू लागतो, कारण अंदमानानंतर केरळ, केरळानंतर तळकोकण आणि मग आपले शिवार, असा पावसाच्या मुक्कामांचा क्रम त्याच्या मनात पक्का बसलेला असतो. २० मेच्या आसपास अंदमान, १ जूनला केरळ, १०-११ जूनला मुंबई, अशा सर्वसाधारण तारखाही त्याला तोंडपाठ असतात. मात्र पावसाच्या या पहिल्या ठाण्यावर पाऊस पोहोचल्यानंतर पुढे तेथे काय होते, याची चौकशी सहसा कोणी करत नाही. बातमी पुढे सरकते आणि अंदमान मागे राहते.

'मान्सून' हा शब्द अरबी 'मौसिम' म्हणजे ऋतू या शब्दावरून युरोपीय खलाशांमार्फत आपल्याकडे आला आणि मराठीतील 'मोसम' हाही त्याच घराण्यातला आहे. म्हणून ज्या वाऱ्यांची दिशा ऋतूबरोबर पालटते त्यांना 'मोसमी वारे' असे म्हणतात. विषुववृत्ताच्या दक्षिणेकडून येणारे आग्नेय व्यापारी वारे उन्हाळ्यात विषुववृत्त ओलांडतात, तेव्हा पृथ्वीच्या परिवलनामुळे ते उजवीकडे वळून नैर्ऋत्येकडून वाहू लागतात आणि उष्ण समुद्रावरील बाष्प घेऊन भारतीय उपखंडाकडे येतात. त्यांच्या दोन शाखा मानल्या जातात: अरबी समुद्राची आणि बंगालच्या उपसागराची. कोकणात व घाटमाथ्यावर कोसळणारा पाऊस पहिल्या शाखेचा, तर अंदमानात मेमध्येच पोहोचणारा पाऊस दुसऱ्या शाखेचा असतो. त्यामुळे अंदमानात आलेला पाऊसच पुढे चालत महाराष्ट्रात येतो, ही समजूत कितीही लोभस असली तरी खरी नाही. अंदमानात मान्सून लवकर आला म्हणून केरळात तो लवकर येईल असे मागील नोंदींवरून म्हणता येत नाही, हे भारतीय हवामान विभागानेही वेळोवेळी स्पष्ट केले आहे. पिढ्यान्‌पिढ्या जिच्यावर आशा टांगली ती दोरी मुळात बांधलेलीच नव्हती, हे समजल्यावर अंदमानाच्या पावसाकडे दूत म्हणून न पाहता त्या भूमीचा रहिवासी म्हणून पाहणे शक्य होते, आणि येथे वर्णिलेल्या एका दांपत्याच्या प्रवासाचे निमित्त नेमके हेच होते.

प्रवास करणाऱ्या दांपत्यापैकी पत्नीचे माहेर सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातील, म्हणजे पर्जन्यछायेच्या प्रदेशातील. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर ढग रिते झाल्यानंतर पूर्वेकडे उतरणारी हवा कोरडी होते आणि डोंगराच्या पाठीमागचा मुलूख पावसाच्या वाट्यातून जणू वगळला जातो, त्या मुलखाला ही संज्ञा आहे. माणमध्ये वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस पडतो. पतीचे घर रत्नागिरी जिल्ह्यातले, जेथे तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस मुख्यतः चार महिन्यांत कोसळतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी, हा हिशेब ध्यानात घेतला, तर एकाच संसारातील या दोन माणसांच्या बालपणांमध्ये पाण्याचे केवढे अंतर होते हे उमगते. तिच्या घरी पाऊस हा वाट पाहण्याचा विषय होता, त्याच्या घरी तो तोंड देण्याचा. उष्ण कटिबंधातील एखादे बेट दोघांनीही पूर्वी पाहिलेले नव्हते. नोव्हेंबर ते एप्रिल हा अंदमानच्या पर्यटनाचा हंगाम मानला जातो आणि पावसाळ्यात जाणाऱ्यास हितचिंतक परावृत्तच करतात. तथापि वर्षातील सात-आठ महिने जेथे पाऊस मुक्कामाला असतो त्या बेटांची ओळख केवळ कोरड्या महिन्यांत करून घेणे म्हणजे घरधनी बाहेरगावी असताना घर पाहून येण्यासारखे आहे, अशा विचाराने या दोघांनी जुलैचा पहिला आठवडा निवडला.

चेन्नईहून निघालेले विमान सुमारे दोन तास समुद्रावरून गेल्यानंतर ढगांच्या जाड थरात शिरते आणि खाली उतरताना जमिनीऐवजी प्रथम दिसतो तो गडद हिरवा रंग. अंदमान-निकोबार द्वीपसमूहाचे क्षेत्रफळ ८,२४९ चौरस किलोमीटर असून त्याचा चार पंचमांशाहून अधिक भाग वनाच्छादित आहे. भूशास्त्रीय दृष्ट्या ही बेटे म्यानमारमधील आराकान योमा या पर्वतरांगेचा समुद्रात बुडालेला विस्तार असून पाण्यावर राहिलेली त्याची शिखरे म्हणजेच ही भूमी होय. म्हणून येथे सपाट जागा थोडी आणि चढ-उतार फार. राजधानी पोर्ट ब्लेअरचे नाव सप्टेंबर २०२४ मध्ये श्रीविजयपुरम असे करण्यात आले असले, तरी लोकांच्या बोलण्यात अद्याप जुनेच नाव अधिक आढळते, आणि या लेखातही इतिहासाच्या सोयीसाठी तेच वापरले आहे.

पहिल्या दिवशी दांपत्याला पावसाआधी प्रकाशाने चकवले. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरून ठरते आणि पोर्ट ब्लेअर त्याच्या सुमारे दहा अंश पूर्वेस आहे. प्रत्येक अंशास चार मिनिटे या हिशेबाने सूर्य येथे घड्याळाच्या चाळीस मिनिटे पुढे चालतो. जुलैत पहाटे पाचच्या सुमारास उजाडते आणि संध्याकाळी पावणेसहाला सूर्य मावळतोदेखील, ज्या वेळी रत्नागिरीच्या किनाऱ्यावर दीड तासाचे ऊन शिल्लक असते. पाऊसही निराळा होता. कोकणातली आषाढाची झड एकदा बसली की दोन-दोन दिवस हलत नाही, आकाश खाली उतरून राहते आणि घरातला दिवा दुपारीही लागतो. येथे मात्र बहुधा सरी येत: समुद्रावर एक करडा पडदा दिसे, तो खाडी ओलांडून चालत येताना स्पष्ट ओळखू येई, पत्र्यांवर आवाज उठे, वीस-पंचवीस मिनिटे काहीही ऐकू येत नसे आणि मग लख्ख ऊन पडून रस्त्यातून वाफा निघत. शहरातील अबर्डीन बाजारातील लोक सर येताच फारशी धावपळ करत नाहीत. भाजीवाली टोपल्यांवर प्लॅस्टिकचा कागद ओढून घेते, दुचाकीवाला दुकानाच्या वळचणीला थांबतो, बोलणे जेथे तुटले तेथून थोड्या वेळाने पुढे सुरू होते. छत्री उघडण्याची घाई या बाजारात ज्यांनी केली, त्यांत हे दोघे होते.

अंदमानात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, म्हणजे प्रमाण जवळपास रत्नागिरीचेच. फरक आहे तो वाटणीत. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी वारे आणि ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी वारे, असे दोन पावसाळे येथे एकामागोमाग एक येतात आणि जानेवारी ते एप्रिल एवढाच कोरडा काळ उरतो. तरीही त्या कोरड्या काळात पोर्ट ब्लेअर शहराला पाणी मोजून वापरावे लागते, ही गोष्ट माणच्या मुलीला पटवून घेणे कठीण गेले. कारण भूगोलात आहे: बेट अरुंद, उतार तीव्र, ओढे आखूड, त्यामुळे पडलेले पाणी जमिनीत मुरण्याआधीच समुद्राला मिळते आणि शहराची तहान मुख्यतः धनीखाडी या एका धरणावर येऊन थांबते. कोकणात आषाढात दारापुढून ओहोळ वाहतात आणि चैत्र-वैशाखात काही गावांना टँकर लागतात, त्याचे कारणही याहून फारसे वेगळे नाही. पावसाची विपुलता आणि पाण्याची विपुलता या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे दुष्काळी भागातील लोकांनी बांधबंदिस्तीतून कष्टाने शिकून घेतले. ज्यांच्याकडे पाऊस उदंड त्यांनी ते शिकायचे अद्याप बाकी आहे, असे येथे खेदाने नोंदवावेसे वाटते. अनेक घरांच्या पन्हाळींखाली पिंपे लावलेली होती. त्यांतील पागोळ्यांचे पाणी पाहून पत्नीच्या चेहऱ्यावर जी ओळख उमटली ती त्या दिवशी इतर कोणत्याही दृश्याने उमटली नाही.

सेल्युलर जेलला भेट देण्यासाठी ४ जुलै हा दिवस हेतुपूर्वक राखून ठेवला होता, कारण १९११ साली याच तारखेला विनायक दामोदर सावरकर 'महाराजा' बोटीने येथे आणले गेले. त्यांचे थोरले बंधू बाबाराव त्यापूर्वीच या तुरुंगात होते. सावरकरांच्या 'माझी जन्मठेप' या १९२७ च्या ग्रंथाने मराठी घराघरात अंदमान पोहोचवले आणि कोलू, छिलका हे शब्द मराठीत रूढ केले. कोलू म्हणजे तेलाचा घाणा; त्याला बैलाच्या जागी माणूस जुंपून दिवसाला ३० पौंड खोबरेल काढून घेतले जाई. छिलका म्हणजे नारळाचे सोडण. ते कुटून त्यापासून काथ्या काढावा लागे. ही माहिती पुस्तकातून आधीच ठाऊक असली, तरी आषाढातील त्या दुपारी तेथे उभे राहिल्यावर जे जाणवले ते पुस्तक वाचताना निसटून गेले होते, आणि ते म्हणजे या तुरुंगाचे हवामान.

१८९६ ते १९०६ या दहा वर्षांत बांधलेल्या या वास्तूत मधल्या मनोऱ्यापासून चाकाच्या आऱ्यांप्रमाणे फाकलेल्या सात तिमजली इमारती होत्या आणि त्यांत एकेका कैद्यासाठी एकेक अशा सुमारे सातशे कोठड्या होत्या. 'सेल' म्हणजे कोठडी, यावरूनच 'सेल्युलर' हे नाव पडले. साडेतेरा फूट लांब आणि साडेसात फूट रुंद अशा प्रत्येक कोठडीत पाठच्या भिंतीला उंचावर एक लहान झरोका आणि पुढे गजांचे दार असते. प्रत्येक इमारतीचे तोंड पुढच्या इमारतीच्या पाठीकडे ठेवलेले असल्यामुळे कैद्याला समोर दुसरा मनुष्य दिसत नाही. दिसते ती केवळ भिंत, आणि पावसाळ्यात त्या भिंतीवरून ओघळणारे पाणी. दांपत्य वरच्या मजल्यावरील एका कोठडीत होते तेव्हा सर आली. झरोक्यातून पाण्याचे तुषार आले, ओसरीवरून वारा गजांपर्यंत पोहोचला, आणि पाच मिनिटांत कोठडीतील उजेड एवढा उतरला की हातातील माहितीपत्रक वाचता येईना. बाहेर समुद्र होता, तो ऐकू येत होता. कोठडीतून मात्र तो दिसत नव्हता. वर्षातून सात-आठ महिने असा अंधार, अशी ओल, वाळू न शकणारे कपडे, आणि सोबतीला पावसाच्या आवाजाखेरीज काही नाही, हे शिक्षेच्या कागदावर कोठेही लिहिलेले नव्हते. तरी ते सारे शिक्षेचाच भाग होते. १९३३ च्या मे महिन्यात राजबंद्यांनी येथे उपोषण आरंभले, त्यात बळजबरीने अन्न घालण्याच्या प्रयत्नात महावीर सिंह, मोहन किशोर नामदास आणि मोहित मैत्र यांचा मृत्यू झाला. मे म्हणजे अंदमानात पाऊस येण्याचा महिना. महाराष्ट्रात ज्या बातमीने दिलासा मिळतो, त्या बातमीचा या कोठड्यांतील अर्थ काय होता, हा प्रश्न पतीने तेथेच मोठ्याने विचारला आणि नंतर बराच वेळ दोघेही काही बोलले नाहीत.

सात इमारतींपैकी आज तीन उभ्या आहेत. १९४१ चा भूकंप, १९४२ ते १९४५ या काळातील जपानी अंमल आणि त्यानंतरची पाडापाड यांत उरलेल्या गेल्या, आणि त्या आवारात रुग्णालय उभे राहिले. १९७९ मध्ये तुरुंगाला राष्ट्रीय स्मारक घोषित करण्यात आले. मात्र पावसाने माणसांना हरवल्याचा येथील इतिहास तुरुंगाहूनही जुना आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या आर्चिबाल्ड ब्लेअर याने १७८९ मध्ये येथे पहिली वसाहत वसवली, १७९२ मध्ये ती उत्तर अंदमानात हलवली गेली आणि रोगराईने माणसे पटापट मरू लागल्यामुळे १७९६ मध्ये ती गुंडाळण्यात आली. १८५७ च्या उठावानंतर, मार्च १८५८ मध्ये, दोनशे बंदिवानांची पहिली तुकडी आणून इंग्रजांनी पुन्हा प्रारंभ केला, तेव्हा जंगल तोडणे, दलदल बुजवणे ही कामे त्याच पावसात आणि त्याच हिवतापात त्या बंदिवानांकडून करवून घेण्यात आली. त्यांतील जे जगले आणि सुटकेनंतर येथेच स्थायिक झाले, त्यांच्या वंशजांना आजही 'लोकल बॉर्न' या नावाने ओळखले जाते. त्यांची हिंदी ही या बेटांची बाजारभाषा आहे. समोरच्या रॉस बेटावर, ज्याचे नाव २०१८ मध्ये नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप असे करण्यात आले, इंग्रज अधिकाऱ्यांची वस्ती होती. तेथील प्रार्थनामंदिर, बेकरी आणि बंगले यांच्या भिंती आता वडा-पिंपळाच्या कुळातील झाडांच्या मुळांनी आवळून धरलेल्या आहेत. तुरुंग पाहिल्यानंतर त्या अवशेषांत रमावेसे दांपत्याला वाटले नाही.

स्वराज द्वीपाकडे, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉककडे जाण्याचा बेत एक दिवस पुढे ढकलावा लागला. बंदरावर बावटा लागला होता. वादळी वाऱ्याची सूचना देण्यासाठी भारतीय बंदरांवर १ ते ११ क्रमांकांची खुणेची पद्धत आहे आणि कोकणातील माणूस 'तीन नंबरचा बावटा' म्हटल्याबरोबर होडी वर ओढतो. त्यामुळे पतीला हे नवे नव्हते, आणि तिकीट खिडकीपुढे रांगेत उभ्या असलेल्या बेटवासीयांनाही नव्हते. कोणाच्या पिशवीत औषधे होती, कोणाच्या हातात गणवेशाचे कापड, एका बाईंजवळ कोंबडीच्या पिलांची जाळीदार पेटी. बोट आज नाही हे कळताच माणसे शांतपणे परतली. मुख्य भूमीवर रस्ता जे काम करतो ते येथे बोट करते, आणि रस्ता कधी बंद राहील हे पाऊस ठरवतो. दुसऱ्या दिवशी सरकारी बोटीने सुमारे अडीच तासांचा प्रवास झाला. माणच्या माहेरवाशिणीला बोट लागली आणि एका अनोळखी वृद्ध बंगाली स्त्रीने काही न विचारता तिच्या हातावर लिंबाची फोड व मीठ ठेवले.

ती स्त्री पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या कुटुंबातील होती. फाळणीनंतर, १९४९ पासून, अशा कुटुंबांना अंदमानात जमिनी देऊन वसवण्यात आले. स्वराज द्वीपावरील गोविंदनगर, विजयनगर, श्यामनगर, कृष्णनगर, राधानगर आणि शेजारच्या शहीद द्वीपावरील सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर ही नावे त्यांनी आपापल्या श्रद्धेसोबत आणली. नदीकाठच्या, पुराच्या मुलखातून आलेल्या या शेतकऱ्यांना येथे पाऊस ओळखीचा वाटला असावा आणि उतार परका. जंगल साफ करून त्यांनी तळाशी भात आणि वर नारळ-सुपारी लावली. जुलैत भाताची खाचरे पाण्याने भरलेली होती. चिखलातून रोपांच्या मुठी घेऊन चाललेल्या बायका पाहून पतीला घरची लावणी आठवली, आणि येथे मात्र पत्नीने त्याला बांधावरून खाली उतरण्यास सांगितले. त्या दोघांनी तासभर रोपे लावली. त्याची रांग सरळ आली, तिची वाकडी, आणि शेतमालकीणबाईंनी दोघांनाही चहा पाजला.

राधानगरचा किनारा पश्चिमाभिमुख आहे. छायाचित्रांत तो निळा आणि निवांत दिसतो, परंतु नैर्ऋत्य वारे थेट त्याच्यावर आदळत असल्यामुळे जुलैत तेथे लाटांची रांग न थांबता फुटत असते आणि पाण्यात उतरण्यास मनाई असते. त्याच वेळी बेटाच्या पूर्वेकडील विजयनगरचा किनारा जंगलाच्या आडोशाला शांत असतो. ऑक्टोबरनंतर वारे फिरले की ही वाटणी उलटते. एका बाजूने दुसऱ्या बाजूकडे जायला अर्धा तासही लागत नाही, आणि तेवढ्यात दोन ऋतूंचे दोन समुद्र पाहून होतात.

वाऱ्यांच्या या दोन बाजूंना बेटांच्या मूळ रहिवाशांनी नावे दिली होती. १९०६ ते १९०८ या काळात येथे राहून अभ्यास केलेल्या रॅडक्लिफ-ब्राउन या मानवशास्त्रज्ञाने १९२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात बिलिकु आणि तराइ यांच्या कथा नोंदवलेल्या आहेत: ईशान्येचे वारे आणि वादळे बिलिकुची, नैर्ऋत्येचे वारे आणि पाऊस तराइचा. काही कथांत बिलिकु ही स्त्री आणि तराइ तिचा पती आहे, म्हणजे वर्षाचे दोन पावसाळे हे एका संसारातील दोन स्वभाव होत. मधमाश्यांचे मेण वितळवले, सिकाडा हा किर्र आवाज करणारा कीटक गात असताना गोंगाट केला, किंवा काही कंदमुळे अवेळी उकरली, तर बिलिकु रागावते आणि वादळ धाडते, अशी समजूत होती. या निषेधांना केवळ भोळेपणा म्हणून बाजूला सारणे योग्य नव्हे. कोणत्या महिन्यात मध काढावा, कोणत्या महिन्यात कंद वाढू द्यावा, वाऱ्याची दिशा केव्हा फिरते, हे सारे ज्ञान त्यांत साठवलेले आहे, जसे मृग, आर्द्रा, पुनर्वसू यांच्या वाहनांत आणि म्हणींत आपल्या शेतकऱ्यांनी साठवले. ज्या समाजांत या कथा सांगितल्या जात, ते ग्रेट अंदमानी आज मोजक्या काही डझनांवर आले आहेत, आणि इंग्रजी वसाहतीबरोबर आलेले आजार हे त्याचे एक मोठे कारण आहे. हा तोटा किती मोठा आहे हे सांगण्यासाठी सौम्य शब्द सापडत नाहीत.

म्हणूनच बाराटांगच्या चिखलज्वालामुखीची सहल या दांपत्याने घेतली नाही. तेथे जाणारा अंदमान ट्रंक रोड जारवा या मूळ रहिवासी समाजाच्या राखीव अरण्यातून जातो. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो भाग बंद करण्याचा आदेश दिला होता, तरीही वाहनांचे ताफे त्यावरून सोडले जातात. खिडकीतून माणसे दिसतील या अपेक्षेने कोणी त्या वाटेने जाऊ नये, असे या लेखाचे स्पष्ट मत आहे.

त्याऐवजी दोघे वांडूरला गेले. तेथील महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान १९८३ मध्ये स्थापन झाले. त्यातील जॉली बॉय हे बेट कोरड्या हंगामात आणि रेड स्किन हे बेट पावसाळ्यात पर्यटकांसाठी खुले असते, म्हणजे आळीपाळीने प्रत्येकाला विश्रांती मिळते. बोटीत चढण्यापूर्वी प्लॅस्टिकची तपासणी होते. बोटीच्या तळाला बसवलेल्या काचेतून प्रवाळ दिसतात. प्रवाळ म्हणजे पॉलिप नावाच्या सूक्ष्म प्राण्यांची वसाहत असून चुनखडीचे घर बांधत बांधत ते शतकानुशतके भित्ती उभारतात, आणि त्यांच्या शरीरात राहणाऱ्या शैवालामुळे त्यांना रंग व अन्न मिळते. समुद्र फार तापला की हे शैवाल बाहेर टाकले जाते आणि प्रवाळ पांढरे पडतात; २०१० च्या उन्हाळ्यात अंदमानात असे विरंजन मोठ्या प्रमाणावर झाले. पाणी सर्वाधिक तापते ते एप्रिल-मेमध्ये, आणि ते निववतात ते मान्सूनचे ढग आणि वारे. म्हणजे मे महिन्यातील त्या बातमीची वाट केवळ महाराष्ट्रातील शिवारेच पाहत नाहीत. पावसाने डोंगरावरून आलेल्या मातीमुळे पाणी गढूळ होते आणि प्रवाळांना उपद्रवही होतो, हे खरे. त्या दिवशी काचेखाली बराच वेळ नुसता हिरवट धुरकटपणा होता, आणि मग अचानक पोपटमाशांचा एक थवा एका प्रवाळावरून चरत गेला.

शेवटच्या दुपारी परतीच्या वाटेवर सिप्पीघाटला थांबणे झाले. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात दक्षिण अंदमानची भूमी सुमारे एक मीटर खचली, उत्तरेकडील काही किनारे वर उचलले गेले, आणि त्सुनामीची लाट ओसरल्यावरही सिप्पीघाटच्या भातशेतांतून समुद्र परत गेला नाही. वीस वर्षांहून अधिक काळ तेथे भरती-ओहोटी चालू आहे. जुने बांध पाण्याखाली अद्याप अंधुक दिसतात, नारळाची वठलेली खोडे उभी आहेत, कडेने कांदळाची रोपे आली आहेत आणि जेथे कधी लावणी होत असे तेथे पाणपक्षी चरतात. कांदळाचे बी झाडावरच रुजते आणि चिखलात सरळ खाली पडून उभे राहते, हे पतीने आपल्या खाडीकाठच्या अनुभवावरून तिला दाखवले.

तेथे, रस्त्याकडेच्या एका टपरीच्या पत्र्याखाली पाऊस थांबण्याची वाट पाहत असताना, पत्नीच्या धाकट्या भावाचा माहेरून, दहिवडीहून, फोन आला. मृग कोरडा गेला होता, आर्द्रेत दोन दिवस भुरभुर झाली, पुनर्वसू निघाले तरी बाजरीची पेरणी खोळंबलेली होती. ताई परत कधी निघणार एवढेच विचारण्यासाठी त्याने फोन केला होता. मागे कसला आवाज येतो आहे, असे त्याने विचारले. तिने सांगितले. क्षणभर तो गप्प राहिला आणि मग म्हणाला की जरा ऐकू दे. तिने फोन कानावरून काढला आणि हात लांब करून पत्र्याबाहेर, धारेपासून वीतभर अंतरावर, सर ओसरेपर्यंत धरून ठेवला.